चूलबंद आवतण

ते साल दोन हजार आठ. माघ महिना लागला होता, हरभऱ्याचे घाटे भरत आले होते, आणि येरणधऱ्यात शहर येणार अशी बोलवा होती.

शहर येणार म्हणजे सरकार आणि एक कंपनी मिळून खेड्यात शहराच्या सोयी करणार होते. घरोघरी नळ, रस्त्यावर दिवे, झाकलेल्या नाल्या, पाण्याची मोठी टाकी, आणि टाकीच्या आवारातच बसथांबा, बँकेची खिडकी, डॉक्टरची खोली, दुकानांचे गाळे. कंपनीने बांधायचं, सरकारने हातभार लावायचा, लोकांनी महिन्याची पट्टी भरायची आणि पुढे कधीतरी सगळं ग्रामपंचायतीच्या हवाली व्हायचं. सेलू तालुक्यातल्या त्या आडबाजूच्या गावात एसटी सकाळी यायची, आणि संध्याकाळी तिच्या मनात आलं तर यायची. तिथल्या लोकांना हे सगळं सिनेमातल्यासारखं वाटत होतं. बाया हापशीवर पाण्याचे गुंड लावून उभ्या राहत आणि नळ मोरीत घ्यावा की अंगणात, यावर भांडत.

हे शहर येणार होतं ते रूपरावाच्या वावरात. रूपराव गावाचा सरपंच. मधली काही वर्षं सोडली तर खुर्ची त्याच्याच बुडाखाली होती. रस्त्याला लागून असलेलं त्याचं वावर कंपनीने टाकी आणि गाळ्यांच्या या केंद्रासाठी पाहून ठेवलं होतं. गाळे कोणाला मिळणार, थांब्यावर चहाची टपरी कोण टाकणार, हे रूपराव पारावर बसून आत्ताच वाटत होता.

गावात किराण्याचं दुकान एकच होतं, सुमित्राबाई कोठेकरचं. नवरा नानाजी जाऊन दहा वर्षं झाली होती. मुलगा धीरज सिंदीहून माल आणायचा, सून आचल घर बघायची, आणि गल्ल्यावर सुमित्राबाई बसायची. कोपऱ्यात पोत्यावर बसून गंगा डाळ पाखडत असायची. गंगा नाल्यापलीकडच्या मोहटोल्यातली. टोल्यात सगळी गोंडांची घरं. येरणधरा आणि मोहटोला मिळून ग्रामपंचायत एकच, पण मधे नाला होता, आणि नाल्याहून मोठं असंही काही होतं. गंगेचा नवरा जंगू पंचायतीत राखीव जागेवर मेंबर होता. रूपराव म्हणेल तिथे अंगठा द्यायचा आणि चहा पिऊन परत जायचं, एवढंच त्याचं काम, असं गाव समजत होतं.

एका सकाळी रूपराव कंपनीच्या साहेबाला घेऊन दुकानात आला. साहेब नागपूरचा, तरणाबांड, पायातल्या बुटांना धुळीची काळजी करणारा.

"सुमित्राबाई, नारळ काढा. चांगले पाह्यजो, भूमिपूजनाचे हायेत," रूपराव म्हणाला आणि साहेबाकडे वळला. "साहेब, हे आमच्या गावचं जुनं दुकान. याईचे मालक नानाजी, लय कायद्याचे माणूस. एका हापशीसाठी तहसील कचेरीपर्यंत गेलते!"

साहेब कशाला हसावं ते न कळून हसला.

"आज असते ना नानाजी," रूपराव पुढे म्हणाला, "तं पयला अर्ज त्याईचाच आला असता. नळाले पानी जास्त काऊन येऊन राह्यलं म्हनून!"

स्वतःच्या विनोदावर तो मनापासून हसला. सुमित्राबाईने नारळ कानाशी हलवून पाहिले, एकेक करून समोर ठेवले. कोपऱ्यात गंगेचं सूप थोडा वेळ थांबलं आणि परत चालू झालं.

"आजी, रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर ग्रामसभा आहे," साहेब म्हणाला. "तुम्ही पण या. शंभर माणसं तरी लागतात, नाहीतर सभा भरत नाही. आमचे मोठे साहेब एकदाच येणार आहेत. इथे सभा भरली नाही तर ते दुसऱ्या तालुक्यातलं गाव बघतील."

"भरन साहेब, भरन," रूपराव म्हणाला. "येरनधऱ्यात मी बोलावलं अन मानूस आला नाई, असं झालं नाई आजवर."

ते दोघे गेले. सुमित्राबाई दारातून त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. एवढी वर्षं ती ज्याची वाट पाहत होती ते रूपरावाने स्वतःच दुकानात आणून तिच्या हातात दिलं होतं.

तिला पंधरा वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. आठवला म्हणणंही बरोबर नाही, कारण तो कधी विसरलाच नव्हता.

तेव्हा सरकारने गावासाठी एक हापशी मंजूर केली होती. ती चौकात लागायची होती. रूपरावाने ती आपल्या कुंपणाच्या आत खोदून घेतली, आणि गावाने त्याच्या फाटकातून आत जाऊन, त्याच्या बायकोची परवानगी घेऊन पाणी भरावं असा नवा रिवाज पाडला. गाव गप्प राहिलं. नानाजी एकटाच सेलूच्या कचेरीत गेला, पुन्हा पुन्हा गेला, आणि हापशी उपटून चौकात लावायला लावली. गावातल्या बायांनी त्या हापशीला हळदकुंकू वाहिलं. नानाजीला कोणी काही म्हटलं नाही, ना चांगलं, ना वाईट.

पुढच्याच उन्हाळ्यात रूपरावाच्या मुलीचं लग्न निघालं. त्या काळी आमच्याकडे आवतण दोन तऱ्हेचं असायचं. घरटी एक माणूस बोलावलं तर ते साधं आवतण. मोठ्या घरचं कार्य असलं की चूलबंद आवतण. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही, म्हातारंकोतारं, पोरंसोरं, आलागेला पाहुणा, सगळ्यांनी कार्याच्या घरी जेवायचं. घरच्या बाईला कुंकू लावून ते सांगितलं जायचं, आणि कुंकू लावून घेतलं की मोडता येत नसे. मोडणाऱ्याच्या घरच्या कार्याला मग पुढे कोण उभं राहणार? आताच्या पोरींना पत्रिका मोबाइलवर येते. त्यांना हे काय कळणार!

रूपरावाच्या घरच्या बाया कुंकवाची कुयरी घेऊन निघाल्या. सुमित्राबाईच्या डावीकडच्या घरात गेल्या, तिच्या दारावरून चालत उजवीकडच्या घरात गेल्या. सुमित्राबाई कपाळ धुऊन दारात उभी होती.

लग्नाच्या दिवशी गावात एका चुलीला धूर नव्हता. धीरज तेव्हा लहान होता. त्याचे सगळे सोबती नवे सदरे घालून पळाले. "आई, आपल्याले काऊन नाई बोलावलं?" तो विचारत राहिला. सुमित्राबाई चूल पेटवायला बसली तर नानाजीने तिचा हात धरला. "नको पेटवू. धूर दिसन. साऱ्या गावाले दिसन, का आपलंच एक घर बाकी हाय म्हनून." दार लावून ती तिघं आत बसून राहिली. बाहेर बँड वाजत होता. दुपार कलल्यावर मागच्या दाराने गंगा आली. पदराखाली गरम भाकरी होती आणि अंबाडीची भाजी. एरवी टोल्यात शिजवलेलं अन्न कोठेकरांच्या घरात चालत नसे. नानाजीने पहिला घास घेतला आणि धीरजला भरवला.

नंतर हळूहळू गिऱ्हाईक परत आलं, कारण मीठमिरची कुठून तरी घ्यावीच लागते. पण नानाजी गल्ल्यावर बसला नाही. तो मागच्या खोलीत बसे. "बसाना समोर," ती म्हणे, तर म्हणे, "लोकं पाह्यतात." पाच वर्षांनी तो पोटाच्या दुखण्याने गेला. डॉक्टर काही का म्हणेना, सुमित्राबाईला नक्की माहीत होतं की तो कशाने गेला.

आणि आज हा तिच्या दुकानात उभा राहून त्याच्या नावाने हसत होता.

त्याच संध्याकाळी तिने धीरजला सांगितलं, "मावंदं करायचं हाय. रविवारी."

मावंदं बाकी होतंच. दिवाळीनंतर ती सेलूच्या बायकांबरोबर काशीला जाऊन आली होती. गंगाजळाचा, तोंड झाळून बंद केलेला गडू देवघरात पडून होता. तो फोडून पूजा करायची आणि गावजेवण घालायचं राहिलं होतं. काशीच्या मावंद्याला कोणी नाही म्हणत नाही. त्या पानावरून उठण्याची तर कोणाची छाती नाही.

धीरजला कळायला वेळ लागला नाही. तो एवढंच म्हणाला, "रोडग्यायचं पीठ किती लागन?"

आचलला मात्र कळलं तेव्हा ती परात आपटून उठली. आचल पवनारची. तिच्या माहेरच्या अंगणात नळ होता. लग्न होऊन आल्यापासून डोक्यावर गुंड, कमरेवर कळशी घेऊन तिचे खांदे उतरले होते.

"आई, नळ येऊन राह्यला गावात, अन तुमी त्याच दिवशी जेवन घालून राह्यल्या?"

"गंगामाय कोनाच्या सभेसाठी थांबत नाई."

"तीन महिने थांबली ना गडूत! आनखी आठ दिस नाई थांबनार? मले समजत नाई असं समजू नका. तुमाले त्या रूपरावाले पाडाचं हाय. पाडा ना मंग! पन त्याच्यासाठी साऱ्या बायाइच्या डोक्यावर गुंड काऊन?"

"पंधरा वर्सं मी भरलं त्या हापशीचं पानी. मरत नाई कोनी."

"तुमच्या एका दिसाच्या उपासासाठी गाव जन्मभर पानी भरन?"

"भरू दे," सुमित्राबाई म्हणाली.

सासू वाईट नव्हती. तिने कधी हात उगारला नव्हता, पहिल्या बाळंतपणाला स्वतः तेल लावलं होतं. पण त्या क्षणी तिचा चेहरा असा होता की आचल मागे सरली.

"कुकू तुलेच लावा लागन," सुमित्राबाई म्हणाली. "मी विधवा. माह्या हातचं चालत नाई."

शुक्रवारी दोघी निघाल्या. पुढे सासू, मागे कुयरी घेऊन सून. एकेका दारात थांबायचं, घरच्या बाईने पदर सावरून कपाळ पुढे करायचं, आचलने कुंकू टेकवायचं, आणि सुमित्राबाईने म्हणायचं, "रविवारी चूलबंद आवतन हाय जी. गंगामाईचं मावंदं. सकाळपासूनच यायचं." कोणी म्हणे, त्या दिवशी सभा आहे ना? त्यावर सुमित्राबाई म्हणे, "सभेत काय जेवाले भेटते? जेवा अन मंग जा." म्हाताऱ्या बाया तर हरखूनच गेल्या. किती वर्षांत कोणी चूलबंद आवतण दिलं नव्हतं! रूपरावाने सभेची खबर जीपवर भोंगा लावून दिली होती. भोंगा सगळ्यांना म्हणजे कोणालाच बोलावत नव्हता. कुंकू मात्र ज्याच्या त्याच्या कपाळावर होतं.

शेवटचं घर रूपरावाचं. तो मांडव सांगायला वर्ध्याला गेला होता. त्याची बायको वच्छलाबाई ओसरीवर वाती वळत बसली होती. सुमित्राबाईला फाटकात पाहून तिच्या हातातला कापूस खाली पडला. पंधरा वर्षांत ती त्या फाटकातून आली नव्हती.

"या ना वयनी," वच्छलाबाई म्हणाली आणि कुठे बसवावं ते तिला सुचेना.

"बसत नाई. आवतन द्याले आली. चूलबंद."

"अवं, पन त्या दिशी सभा... हे घरी..."

"सभा त्याईची हाय. चूल तं तुमची हाय ना?"

वच्छलाबाईने आत पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या राज्यात तिला कोणी काही विचारलं असेल तर तेवढंच. मग तिने हळूच डोक्यावरचा पदर मागे घेतला आणि कपाळ पुढे केलं. आचलने कुंकू टेकवलं. परत येताना सुमित्राबाई लग्नाच्या वरातीत चालावं तशी चालत होती.

नाल्यापाशी आल्यावर दोघी वळल्या. नाल्यापलीकडे टोल्यातल्या गाई परतत होत्या. तिकडे आवतण द्यायचं हे सुमित्राबाईच्या मनातही आलं नाही, आचलच्याही नाही. टोल्यात कोणी कधी आवतण देत नसे. गावजेवण झालं की उरलेलं अन्न टोपलीत घालून तिकडे पाठवत, तीच रीत होती.

रविवार उजाडला. येरणधऱ्यावर धूर नव्हता, सुमित्राबाईच्या वाड्यामागच्या मोकळ्या जागेत गोवऱ्यांच्या हारावर, लाल निखाऱ्यांत, कणकेचे रोडगे भाजले जात होते तेवढाच. वांग्यांची भाजी मोठ्या गंजात रटरटत होती. बायापोरं, म्हातारी माणसं, सगळं गाव लोटलं. तिकडे शाळेच्या मैदानावर भोंग्यावर देशभक्तीची गाणी लागली होती. रंगीत मांडव, खुर्च्या, मोठ्या साहेबासाठी गादी. वर्ध्याहून नाश्त्याची पाकिटं आणली होती. मोठे साहेब आले, पंचायत समितीचा अधिकारी आला, आणि खुर्च्या रिकाम्याच.

रूपरावाने आधी एक माणूस पाठवला. "सरपंच म्हनते, पंगत लवकर उरका."

"रोडगे भाजून राह्यले," सुमित्राबाई म्हणाली. "गंगामाईच्या नावानं कच्चे खाऊ घालू का?"

तो माणूस परत जायला निघाला, पण वासाने त्याचे पाय अडले आणि तोही पानावर बसला. त्याच्याही घरची चूल बंद होती.

तिने घाई होऊ दिली नाही. गडू फोडला, आरती सावकाश झाली, तीर्थ प्रत्येकाच्या हातावर पडलं. म्हाताऱ्यांचे श्लोक झाले. पंगत बसली तेव्हा सभेची वेळ उलटून गेली होती. आणि तेव्हा रूपराव स्वतः आला.

पांढरा शुभ्र सदरा, डोक्यावर नवी टोपी. उन्हात चालत आल्याने घामाघूम. तो वाड्याच्या दारात थांबला.

"सुमित्राबाई," तो हात जोडून म्हणाला, "अर्ध्या घंट्यासाठी मानसं पाठवा. सह्या झाल्या का लगेच परत येतीन. साहेब लोकं निघून राह्यले."

"वाढलेल्या पानावरून मानसं उठवू का, भाऊ?"

"गावाच्या भल्याचं काम हाय."

"आमचे मालकबी तेच म्हनत होते. त्याईले कोनी उठून साथ नाई देली." ती वाढत्या बाईकडे वळली. "यायचं पान मांडा वं. उपाशी नका जाऊ, भाऊ. तुमच्या घरची चूल बंद हाय आज."

रूपरावाला आधी समजलं नाही. मग त्याने पंगतीवरून नजर फिरवली. बायकांच्या ओळीत वच्छलाबाई मान खाली घालून बसली होती, पानावर रोडगा, कपाळावर कुंकू. ती मान खाली घालून जेवत होती, पण जेवत होती. कोणीतरी पोर फिसकन हसलं.

रूपराव वळला आणि गेला. सुमित्राबाईने त्याची वाकलेली पाठ पाहिली, आणि तिला वाटलं की आता देवाने उचललं तरी चालेल. पंधरा वर्षांत तिला एवढी भूक लागली नव्हती. ती शेवटच्या पंगतीपर्यंत थांबली नाही, तिथेच एका पानावर बसली आणि पोटभर जेवली.

जेवणं उरकत असताना मैदानाकडून टाळ्यांचा आवाज आला. थोड्या माणसांचा नव्हे, चांगला भरगच्च.

"कोन हाय तिकडं?" कोणीतरी विचारलं. सगळं गाव तर इथे होतं.

आचल हातातली बादली ठेवून शाळेकडे पळाली. परत आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"सभा भरली, आई."

"कशी भरन? मानसं कुठची?"

"टोल्यातली. सारा टोला येऊन बसला. बायाबी. जंगूदादा उभा राहून बोलला."

झालं होतं ते असं. भोंगा टोल्यातही फिरला होता. टोल्यात कोणाला मावंद्याचं आवतण नव्हतं, तेव्हा जेवायला जायचा प्रश्नच नव्हता. घरोघरी भाकरी खाऊन टोला सभेला आला. रूपराव वाड्यावरून परतला तेव्हा मांडव भरलेला पाहून त्याच्या जिवात जीव आला. जंगू तर त्याचाच मेंबर. पण कंपनीचा साहेब जागेचं सांगू लागला तसा जंगू उठला. केंद्र सरपंचाच्या वावरात कशाला, म्हणाला, टोल्याजवळ सरकारी पडीत जागा आहे, ती फुकट आहे, तिला कोणाचा सातबारा चिकटलेला नाही, तिथेच टाकी बांधा. मोठ्या साहेबाने अधिकाऱ्याकडे पाहिलं. सरकारी जागा म्हणजे त्यांची निम्मी डोकेदुखी गेली. हात वर करायला सांगितलं तर सगळे हात एका बाजूचे. आपला एकट्याचा हात वर करायचा की नाही, हेच रूपरावाला कळेना. नाश्त्याची पाकिटं टोल्यातल्या पोरांनी खाल्ली.

सुमित्राबाईला आधी हसू आलं. रूपरावाचं वावर गेलं, गाळे गेले, टपरी गेली! तिने मागितलं होतं त्याहून जास्त झालं होतं. ती पदराने तोंड पुसत हसत राहिली. आचल हसत नव्हती.

"आता नळ आधी टोल्यात," आचल म्हणाली. "आपल्याकडं पाइप कवा येईन, ते कंपनीलेच ठाव."

गंगा सोमवारी दुकानात आली नाही. मंगळवारीही आली नाही. बुधवारी सुमित्राबाईने मावंद्याची उरलेली बुंदी डब्यात भरली, थोडं तीर्थ तांब्यात घेतलं आणि नाला ओलांडून टोल्यात गेली. गंगा अंगणात मोहाची साल उन्हात पसरत होती. तिने बाज टाकली, पाणी दिलं.

"येऊन नाई राह्यली कामाले?"

"नाई जमत बाई आता. टाकीची जागा साफ कराचं काम निघालं. बायाइले घेऊन राह्यले."

"चांगलं झालं," सुमित्राबाई म्हणाली. "त्या रूपरावाचं नाक कापलं तुमी. माह्या मनासारखं झालं. पंधरा वर्सं थांबली होती मी. साऱ्या गावात आमचंच एक घर सोडलं होतं त्यानं, तुले तं माईत हाय."

गंगेचे हात थांबले.

"एकच घर?" ती म्हणाली. "बाई, त्या दिशी मी तुमाले भाकर आनली होती."

"हो ना. विसरली का मी?"

"गरम होती ना?"

"हो."

"मंग कोनत्या चुलीवर केली म्हनता मी ते?"

सुमित्राबाईने हातातला डबा बाजेवर ठेवला.

"गावातल्या साऱ्या चुली बंद होत्या. आमच्या पेटल्या होत्या. त्याच्या पोरीच्या लग्नालेबी पेटल्या होत्या अन तुमच्या मावंद्यालेबी." गंगेचा आवाज चढला नव्हता. दुकानात भाव विचारावा तशी ती बोलत होती. "तुमी दोघी नाल्यापाशी आल्या, अन परत फिरल्या. मी पाह्यत होती. मले वाटलं, या टायमाले तरी येतीन. काशीहून आल्या ना तुमी. मी डोक्स्यावरून पदरबी घेतला होता."

"गंगे, ते ध्यानात नाई आलं..."

"तेच तं." तिने डब्याकडे पाहिलं. "बुंदी घरी घेऊन जा. दरवेळी उरलंसुरलं पाठवता, या टायमाले नका पाठवू. आमचे पोरं आता पाकिटातलं खाऊन राह्यले."

शेवटचं वाक्य बोलताना ती हसली. त्या हसण्यात काय होतं ते सुमित्राबाईला चांगलं ओळखता आलं. इतकी वर्षं तिने ते स्वतःच्याच तोंडात धरून ठेवलं होतं. डबा आणि तांब्या घेऊन ती उठली. रूपरावाला पाडल्याचं तिला तेव्हाही वाईट वाटलं नाही, पुढेही कधी वाटलं नाही. पण नाला उतरताना तिचा पाय दोनदा घसरला.

पुढे काय झालं ते सांगायला हवं.

रूपराव पुढची निवडणूक हरला. त्याने रस्त्यालगतचं वावर विकलं आणि नागपूरला मुलाकडे गेला. तिथे घरोघरी नळ होता, पण त्याच्याशी बोलायला कोणी नव्हतं. तीन उन्हाळ्यांनी तो तिकडेच वारला. वच्छलाबाई आष्टीला मुलीकडे राहते. सुमित्राबाईच्या मावंद्यातल्या रोडग्यांची ती अजून तारीफ करते, असं तिकडून येणारे सांगतात.

जंगू सरपंच झाला. पहिल्या वर्षी भाषण करताना तो घाबरायचा, नंतर त्याला थांबवावं लागायचं. कंपनी करार संपायच्या आधीच निघून गेली. दिव्यांतले अर्धे बंद पडले, बँकेच्या खिडकीला कुलूप लागलं. टाकी मात्र चालू राहिली, कारण टोल्यातल्या बायांनी समिती करून ती आपल्या हातात घेतली. समितीची अध्यक्ष गंगा. पट्टी थकवणाऱ्याचा नळ ती स्वतः उभी राहून बंद करवते, मग तो गावातला असो की टोल्यातला.

येरणधऱ्यात पाइप यायला दोन हजार तेरा साल उजाडलं. तोवर चौकातली हापशीही आटली, आणि गावातल्या बायांनी नाल्यापलीकडून पाणी आणलं. आचलने पाच वर्षं सासूकडे पाहून एकही शब्द न बोलता गुंड उचलला, आणि ते न बोलणं सुमित्राबाईला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मग आचलनेच धीरजच्या मागे लागून टोल्याच्या गाळ्यात दुकान हलवलं. ते चांगलं चालतं. गल्ल्यावर आता आचल बसते.

सुमित्राबाई ऐंशीच्या घरात आहे. महिन्यातून एकदा ती गुडघ्याच्या औषधासाठी सेलूला जाते. एसटी आता टोल्यावरून सुटते, म्हणून समितीच्या कामाला सेलूला निघालेल्या गंगेला खिडकीची जागा मिळालेली असते. सुमित्राबाई नाल्यावरच्या नव्या पुलापाशी गाडीत चढते तेव्हा गाडी बहुतेक भरलेली असते. ती दांडी धरून उभी राहते. कधी कोणी पोर उठून जागा देतं, कधी देत नाही. गंगा खिडकीबाहेर बघत असते.